वारी, पाय आणि म्हातारपण

(दिंडीच्या शतकमहोत्सवी मेळाव्यात, हरिपाठानंतर झालेल्या मनोगताचा मजकूर)





आज आम्ही बोलायला उभे राहिलो म्हणजे कोणी एकटा उभा राहिलेला नाही. दिंडीतली साठीच्या पुढची जी मंडळी आहे, त्या सगळ्यांच्या वतीनं हे बोलणं आहे. आपल्या पूर्वजांनी दिंडी कशी सुरू केली, बैलगाड्या कशा होत्या, दुष्काळात शिधा कसा जमवला, ते इतरांनी सांगितलं आणि या स्मरणिकेत ते छापूनही येईल. आम्ही बोलणार आहोत गुडघ्यांबद्दल. हसू नका, माऊली. शंभर वर्षं ही दिंडी गुडघ्यांवरच चालली आहे. आणि त्या गुडघ्यांनी आम्हाला म्हातारपणाबद्दल काय शिकवलं, ते पुढच्या पिढीच्या कानावर घालणं आम्हाला गरजेचं वाटतं.

आधी एक प्रश्न. आपल्या गावात माणूस म्हातारा कधी होतो? साठ वर्षं भरली की? नाही. माणूस म्हातारा होतो ज्या दिवशी त्याची खाट कायमची पडवीत येते त्या दिवशी. मग तो पासष्टचा असो नाही तर पंच्याऐंशीचा. खाट आली की बोलणं बदलतं. “आता काय, आमच्या गोवऱ्या गेल्या मसणात.” “पिकलं पान, आज हाय उद्या न्हाय.” घरची माणसंही तसंच बोलायला लागतात. “आबा, तुम्ही बसा. तुम्हाला जमायचं न्हाई.” सून मायेनं म्हणते, मुलगा काळजीनं म्हणतो. पण दिवसातून दहा वेळा जमणार नाही असं ऐकलं, की अकराव्या वेळी माणूस स्वतःच म्हणतो, मला जमायचं नाही.

आता तोच माणूस ज्येष्ठात आळंदीहून निघालेला बघा. वैशाखात पारावर बसून तो मरणाच्या गोष्टी करत होता. सासवड ओलांडून पुढे गेला की तोच म्हणतो, “पुढच्या साली पाल नवं घ्यायला पाहिजे, हे गळतंय.” आम्ही हे इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचं नवल वाटत नाही. पण विचार केला तर नवल वाटण्यासारखंच आहे. पारावर बसलेला म्हातारा मागचं बोलतो, चालणारा म्हातारा पुढच्या सालाचं बोलतो. वय दोघांचं तेच. माणूससुद्धा तोच. मधे फक्त चार दिवसांचं चालणं.

वयाची मोजदाद वर्षांनी होत नाही, हे आपल्या संप्रदायाला कोणी नव्यानं सांगायला नको. चौदाशे वर्षांचे म्हणवणारे चांगदेव शेवटी पोरवयाच्या मुक्ताईला शरण गेले, ही कथा आपल्या घराघरांत आहे. ज्ञानोबारायांनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. त्यांच्याबरोबर तीर्थयात्रेला गेलेले नामदेवराय पुढे पार पंजाबापर्यंत गेले, तिथं घुमानला राहिले आणि ऐंशीव्या वर्षी पंढरीत देह ठेवला, असं परंपरा सांगते. त्या काळी पंजाब म्हणजे एस.टी.चा प्रवास नव्हता. नामदेवांची पायरी आपण दरवर्षी पायाखाली न घेता डोक्याला लावतो. ती पायरी एका आयुष्यभर चाललेल्या माणसाची आहे, एवढं ध्यानात ठेवू.

आता आमच्या स्वतःच्या चुकीकडे येतो. स्मरणिकेत चुका छापत नाहीत, पण ही छापावी अशी आमची विनंती आहे.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षं तुम्हाला आठवतात. कोरोनामुळं पायी वारी झाली नाही. माऊलींच्या पादुका दोन्ही वर्षी एस.टी.नं पंढरपूरला गेल्या. आपण घरात बसून टी.व्ही.वर पाहिलं आणि डोळे पुसले. तो निर्णय योग्यच होता, त्यावर आमची तक्रार नाही. पण त्या दोन वर्षांत आमच्या म्हाताऱ्या मंडळींचं काय झालं, ते आम्ही जवळून पाहिलं.

एक विणेकरी बुवा होते. वय एकाहत्तर. पंचेचाळीस वाऱ्या पायी झालेल्या. वारी बंद, देऊळ बंद, भजन बंद, शेतात जायचं तर मुलं म्हणायची घरातच थांबा. पहिल्या वर्षी ते अंगणात फेऱ्या मारायचे. दुसऱ्या वर्षी फेऱ्या कमी झाल्या. मग काठी आली. मग खाट पडवीत आली. मांड्या इतक्या बारीक झाल्या की धोतर नेसताना दोन हात जास्तीचं वाटायला लागलं. पण पायांपेक्षा आम्हाला भीती वाटली ती त्यांच्या बोलण्याची. एक दिवस नातवाला बोलावून त्यांनी आपले टाळ त्याच्या हातात दिले. म्हणाले, “हे घे. आता माझं काय काम न्हाई.” बुवांना तसा कुठलाच मोठा आजार नव्हता. फक्त चालणं थांबलं होतं, आणि चालण्याबरोबर आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत ही भावनाही थांबली होती.

२०२२ साली वारी पुन्हा सुरू झाली. आम्ही, म्हणजे दिंडीचं काम बघणाऱ्यांनी, बैठक घेतली आणि ठरवलं, की सत्तरीच्या वरच्यांनी यंदा ट्रकमध्ये बसायचं. दोन वर्षांची सवय मोडलेली, त्यात दिवे घाट. कोणाला काही झालं तर घरच्यांना काय तोंड दाखवायचं? काळजीपोटीच ठरवलं. पण आम्ही सगळ्यांना एकाच मापानं मोजलं. जो सत्तरीचा माणूस चैत्रापासून रोज शेतात जात होता त्यालाही ट्रक, आणि ज्याला उंबरा ओलांडवत नव्हता त्यालाही ट्रक.

पुणे ते सासवड हा आपल्या वाटेतला सगळ्यात मोठा टप्पा, तीसेक किलोमीटरचा. वर दिवे घाटाची चढण. बहुतेक वर्षी तो दिवस एकादशीचा असतो, म्हणजे पोटात उपवास. आम्ही चालणारे संध्याकाळी तळावर पोचलो तेव्हा पाय भरून आलेले, पण तोंडावर हसू. ट्रकवाली मंडळी दुपारीच येऊन बसलेली. ती ताजीतवानी असायला हवी होती. पण बघतो तर कोणी कंबर धरून, कोणी भिंतीला टेकून, कोणी गप्प. हरिपाठाला ही मंडळी एरवी उभी राहायची. त्या दिवशी बसून राहिली.

सासवडला दुसऱ्या रात्रीचा मुक्काम. आमच्या पालात हरिपाठ झाला, टाळ थांबले. आणि एकच टाळ वाजत राहिला. किण, किण, किण. तुम्हाला माहीत आहे, समाज आरतीच्या वेळी चोपदार चोप वर करतात तेव्हा सगळे टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथं जाऊन विचारतात, काय झालं, आणि तक्रार मिटल्याशिवाय आरती होत नाही. आमच्या पालात टाळ वाजवत होती एक त्र्याहत्तर वर्षांची मावशी. सगळे तिच्याकडं बघायला लागले. विणा ज्यांच्या गळ्यात होता त्यांनी विचारलं, “मावशी, काय तक्रार?”

मावशी म्हणाली, “मी काय पोतं हाय व्हय, ट्रकात टाकून न्यायला? सामान खाली उतरवता तसं मला धरून उतरवलं. तीस वर्सं घाट चढली मी. मला इचारलं का कुणी, की मावशी, किती चालवंल?”

आम्हाला उत्तर देता आलं नाही. कारण खरंच कोणी विचारलं नव्हतं. वय विचारलं होतं. किती चालवेल ते विचारलं नव्हतं.

त्या रात्री नियम बदलला. दुसऱ्या दिवशी जेजुरीच्या वाटेवर ट्रकवाल्या मंडळींनी पहिल्या विसाव्यापर्यंत चालायचं आणि मग हवं तर गाडीत बसायचं, असं ठरलं. ज्यांची छाती, साखर, श्वास यांची जुनी तक्रार होती त्यांना सोबतीला एकेक तरणा पोरगा दिला. वाल्ह्याला थोडं जास्त. नीरेचं स्नान झालं, लोणंद आलं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, तेव्हा यांतल्या निम्म्या जणांनी रिंगणानंतर फुगडीचे दोन फेर धरले. वेळापूरच्या अलीकडं धावा असतो. मावशी काही धावली नाही, खोटं कशाला सांगू. पण तिनं पदर खोचला, पाटी हातातल्या पोरीकडं दिली, आणि आम्हाला मागं टाकून उतारावरनं झपझप गेली. वाखरीला आल्यावर ती आम्हाला म्हणाली, “पुढच्या साली मला तुळस द्या डोक्यावर.” पुढच्या साली! तीन आठवड्यांपूर्वी आम्ही जिला सामानाबरोबर मोजलं होतं, ती पुढच्या सालची सेवा मागत होती.

हे असं का होतं, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. दिंडीत येणाऱ्या डॉक्टर मंडळींना विचारलं, थोडं वाचलं. त्यातलं जे समजलं ते साध्या भाषेत सांगतो.

अमेरिकेत डॅलस शहरात १९६६ साली एक प्रयोग झाला. वीस वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. उठायचं नाही, चालायचं नाही. तीन आठवड्यांनी त्यांच्या हृदयाची आणि श्वासाची ताकद तपासली तर ती खूपच घटलेली. पुढे तीस वर्षांनी, ते पाचही जण पन्नाशीला आले तेव्हा, त्यांना पुन्हा तपासलं. तर असं दिसलं, की तीस वर्षांच्या वयानं त्यांची जेवढी ताकद कमी केली होती, त्याहून जास्त ताकद त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं गेली होती. मग पन्नाशीच्या त्याच पाच जणांना सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम दिला, आणि वयानं गेलेली ती ताकद परत आली.

तीन आठवडे, माऊली! आपली वारीसुद्धा तीन आठवड्यांचीच. तीन आठवडे खाटेवर पडलं तर वीस वर्षांचा पोरगा म्हातारा होतो. मग आमच्या बुवांनी तर दोन वर्षं काढली होती. त्यांच्या पायांतलं बळ वयानं नेलं असं आम्ही समजत होतो. त्यातलं किती वयानं नेलं आणि किती खाटेनं नेलं, हे आता आम्हाला कळतंय.

कोणी म्हणेल, पन्नाशीचं ठीक आहे, पण फार म्हातारं झाल्यावर काय? तर बोस्टन शहरातला १९९० सालचा दुसरा प्रयोग ऐका. वृद्धाश्रमात राहणारे, नव्वदीच्या घरातले दहा जण घेतले. आठ आठवडे त्यांच्या पायांना वजन उचलण्याचा व्यायाम दिला, अर्थात देखरेखीखाली. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. नव्वदीतसुद्धा स्नायू काम दिलं की ऐकतो. फक्त काम द्यावं लागतं.

आता यात मनाचा संबंध काय? आमच्या समजुतीप्रमाणे मन शरीराची साक्ष मानतं. तुम्ही म्हाताऱ्याला हजार वेळा सांगा, “आजोबा, तुम्ही अजून तरुण आहात,” तो हसेल आणि सोडून देईल. पण आज तो ओढ्यापर्यंत गेला, आठ दिवसांनी ओढ्यापलीकडच्या मळ्यापर्यंत गेला, की त्याला कोणी काही सांगावं लागत नाही. पायांनी साक्ष दिलेली असते. उठताना हात न टेकता उठलं, पाण्याची कळशी स्वतः उचलली, नातवाचं बोट धरण्याऐवजी नातवाला बोट दिलं, या बारीक बारीक साक्षी रोज जमा होतात. मग “आता काय राहिलं” हे वाक्य आपोआप तोंडातून जातं.

आणि हे मनाचं वळण पुन्हा शरीराला उपयोगी पडतं. अमेरिकेतल्याच ओहायो राज्यात पन्नाशीच्या पुढच्या ६६० माणसांना विचारलं होतं, की तुम्हाला स्वतःच्या म्हातारपणाबद्दल काय वाटतं. मग वीसेक वर्षं त्यांची नोंद ठेवली. २००२ साली तो अभ्यास छापला गेला. ज्यांना म्हातारपण म्हणजे निव्वळ ऱ्हास असं वाटत नव्हतं, ती माणसं इतरांपेक्षा सुमारे साडेसात वर्षं जास्त जगली. साडेसात वर्षं म्हणजे सात वाऱ्या झाल्या की. आता यातला आधी टाळ कोणता आणि मृदंग कोणता, हे वेगळं काढणं अवघड आहे. चालणाऱ्याचं मन उभारी धरतं आणि उभारी धरलेला माणूस चालतो. एकमेकांच्या साथीनंच ते वाजतं.

आपल्या वाडवडिलांना हे प्रयोग माहीत नव्हते. पण वारीची रचना बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली पासष्टीच्या पुढच्यांसाठी सांगितलं, की आठवड्यात किमान १५० ते ३०० मिनिटं बऱ्यापैकी चालण्यासारखी हालचाल करा, दोन दिवस तरी स्नायूंना ताकदीचं काम द्या, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करा. हे तीनही आपल्या वारीत आहेत. चालणं तर आहेच, आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. ताकदीचं काम म्हणजे जमिनीवर बसणं, उठणं, वाकून एकमेकांच्या पाया पडणं, तासन् तास टाळ हातात धरणं. आणि तोल? डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन खडीच्या रस्त्यानं चालणाऱ्या बाईपेक्षा तोल कोणाला सांभाळता येतो? पावल्या खेळताना पुढं एक पाऊल, मागं एक पाऊल, वळण, वाकणं, पुन्हा उभं. तोल गेला तर म्हातारपणी पडणं होतं, पडलं तर खुब्याचं हाड मोडतं, आणि हाड मोडलं की खाट आलीच. पावली खेळणारा माणूस त्या खाटेपासून लांब राहण्याचा सराव भजन करता करता करत असतो.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. अकरा महिने खाटेवर बसायचं आणि बाराव्या महिन्यात एकदम दिवे घाट चढायचा, ही भक्ती नव्हे, हा अंगावर ओढवून घेतलेला धोका आहे. पांडुरंगाला त्याची गरज नाही. म्हणून २०२२ नंतर आम्ही गावात एक रीत घातली. गुढीपाडव्यापासून रोज सकाळी काकड्यानंतर वेशीपासून चालायचं. पहिला आठवडा ओढ्यापर्यंत जाऊन परत, तेही चालता चालता बोलता येईल इतक्याच वेगानं. धाप लागून बोलता आलं नाही तर वेग जास्त झाला असं समजायचं. दर आठवड्याला थोडं वाढवायचं. परत आल्यावर देवळाच्या ओट्यावर बसून, हात न टेकता, दहा वेळा उठबस करायची. मग खांबाला हात लावून एका पायावर उभं राहायचं, आधी हा पाय, मग तो. हे करताना आमचं हसं होतं. पोरं म्हणतात, आजोबांचा बगळा झाला. होऊ द्या.

निघायच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवायचं. छातीत दुखलं, चक्कर आली, घाम फुटला, तर लगेच थांबायचं आणि सांगायचं, लपवायचं नाही. बी.पी.च्या आणि साखरेच्या गोळ्या ट्रकातल्या पेटीत नाही, स्वतःच्या पिशवीत ठेवायच्या. साखर असणाऱ्यांनी एकादशीच्या उपवासाचं डॉक्टरांना आधी विचारायचं, आणि रोज मुक्कामावर तळपाय दुसऱ्याला दाखवायचे. कारण साखरेमुळं पाय बधिर झाले असतील तर फोड आलेला स्वतःला कळत नाही. एवढं केलं की मग नियमात वय लागत नाही. आता आमच्या दिंडीत प्रत्येकाला एकच विचारतात, “माऊली, किती चालवेल?”

आणखी एक सांगायचं राहतं, ते सगळ्यांत महत्त्वाचं. हे ऐकून ज्यांना चालताच येत नाही त्यांनी खाली मान घालू नये. चालणं ही काही कुस्ती नव्हे की जो जास्त चालला तो मोठा. गेल्या काही वर्षांत आमच्यातले काही जण पुन्हा उभे राहिले नाहीत. दुखणं मोठं होतं, उपाय नव्हता. एक आजी तर शेवटच्या वारीला फक्त लोणंदपर्यंत आल्या, पुढं घरी परतल्या, आणि कार्तिकात गेल्या. पण त्यांच्या मुलानं आम्हाला सांगितलं, की शेवटच्या महिन्यातही त्या अंथरुणात पाय हलवत होत्या आणि म्हणत होत्या, “पाय मोकळं ऱ्हायलं पायजेत.” वारकऱ्याला मरणाचं भय घालायला नको. ते येणार आहे हे तो रोज गातो. भय असतं ते मरणाआधीच निरुपयोगी होण्याचं. त्या आजी गेल्या, पण निरुपयोगी होऊन गेल्या नाहीत.

आणि आमचे विणेकरी बुवा. त्यांची गोष्ट अर्धी सोडली होती. २०२२ च्या चैत्रात त्यांना आम्ही काठीसह वेशीपर्यंत आणलं. त्या वर्षी ते वारीला येऊ शकले नाहीत. पुढच्या चैत्रात ओढ्यापर्यंत गेले. त्या वर्षी ते आले. वीस किलोमीटरचा टप्पा त्यांना आता कधीच जमणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. ते गाडीतच पुढं जातात. पण आपल्या दिंडीचा विणा जमिनीवर ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून तो दुसऱ्याच्या गळ्यात जातो. दिवसभर चालून आलेला विणेकरी मुक्कामावर पोचला की समोर बुवा उभे असतात. दोघं एकमेकांच्या पाया पडतात, विणा बुवांच्या गळ्यात येतो, आणि चालून आलेला माणूस पाय धुवायला मोकळा होतो. बुवा तास, दीड तास उभे असतात. काठी खांबाला टेकवलेली असते. दिवसभर त्या एका तासासाठी ते पाय सांभाळतात, सकाळी उठबस करतात, दुपारी पालाभोवती फेऱ्या मारतात. आणि नातवाला दिलेले टाळ? ते त्यांनी परत मागून घेतले. नातवाला म्हणाले, “तुला नवं घेऊन देतो. ह्ये माझं हाय.”

तेव्हा या शतकमहोत्सवाच्या निमित्तानं आमची तीन मागणी आहेत. पहिली दिंडीच्या कारभाऱ्यांना, की वयाची अट पुन्हा कधी घालू नका. प्रत्येकाला विचारा आणि त्याच्या पायांप्रमाणे वाट ठरवा. दुसरी घरातल्या मुलांना आणि सुनांना. तुमची माया आम्हाला कळते. पण “तुम्ही बसा” म्हणण्याऐवजी “चला, मी येतो बरोबर” म्हणा. रोज अर्धा तास पुरे. म्हातारीच्या हातातली भाजीची पाटी काढून घेऊ नका, लागलं तर दुसरा कान तुम्ही धरा. आणि तिसरी आमच्याच वयाच्या मंडळींना. गोवऱ्यांची भाषा सोडा. गोवऱ्या जायच्या तेव्हा जातील, त्या आपल्याला पोचवायच्या नाहीत. आपल्याला पोचायचंय ते पुढच्या विसाव्यापर्यंत.

पाडवा चार दिवसांवर आला आहे. पाडव्याच्या दिवशी काकडा झाला की वेशीपाशी जमायचं आहे. काठी असेल तर काठी घेऊन या. ज्यांना वेशीपर्यंत येववत नाही त्यांनी निरोप पाठवा, आम्ही त्यांच्या दारापासून सुरुवात करू. मावशीनं सांगितलंय, ती सगळ्यांत पुढं राहणार आहे. तेव्हा वेळेवर या, नाही तर मागं राहाल.

काही कमी-जास्त बोललो असलो तर पदरात घ्या.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! रामकृष्ण हरी!